बहिणीच्या नावावर माझा उशीर

माझ्या धाकट्या बहिणीचं घर माझ्यामुळे हुकलं. दीड वर्ष मी हे कुणाला सांगितलं नाही, आणि त्या दीड वर्षात बोलणी दुसऱ्याच माणसाने खाल्ली.

गावच्या घराचं छप्पर नव्याने घालायला मी एका सहकारी बँकेचं कर्ज काढलं होतं. जामीनदार हवा होता. बहीण परळच्या एका हॉस्पिटलात नर्स, नोकरी पक्की. ड्युटी संपवून ती युनिफॉर्मवरच बँकेत आली, "कुठे करू सही?" एवढंच विचारलं आणि सही करून गेली. ड्युटीवर ती फोन उचलत नाही, म्हणून फॉर्मवर तिच्या नंबरच्या जागी मी माझाच नंबर लिहिला. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

आम्ही लालबागची माणसं पतपेढीवर वाढलो. वडील गिरणीत होते तेव्हा आणि गिरणी बंद पडल्यावरही घरातलं प्रत्येक कर्ज पतपेढीचंच. तिथला कारकून आमच्या गावाकडचा. श्रावण लागला की तोच म्हणायचा, "गणपती करून ये रे, मगे भर." मूर्ती, भजनाची मंडळी, गावाला जायचा खर्च, त्यात हप्ता कोण भरणार? दसऱ्याच्या आसपास राहिलेले दोन हप्ते दंडासकट भरले की झालं. त्याला कुणी थकबाकी म्हणत नसे. बँकेच्या कर्जालाही मी हाच नियम लावला, सलग तीन वर्षं. बँकेचे फोन यायचे. जामीनदारासाठी केलेले फोनही माझ्याच मोबाइलवर यायचे. "दसऱ्याला भरतो, साहेब. कधी बुडवलंय का?" मी म्हणायचो. आणि भरायचोही.

बहीण घोडपदेवला चाळीत राहते. एका खोलीत ती, नवरा, सासू आणि तेव्हा दहावीला असलेली मुलगी. मुलगी जिन्यात बसून अभ्यास करायची. कॉटन ग्रीनला एका जुन्या सोसायटीत वन रूम किचन मिळत होतं. त्यांनी टोकन दिलं, दोघांनी मिळून गृहकर्जाचा अर्ज केला. तो नाकारला गेला. क्रेडिट स्कोअर कमी आहे, हप्त्यांना उशीर झालेला दिसतो, एवढंच तिला सांगण्यात आलं.

तिच्या नवऱ्याने एकदा हप्त्यांवर मोबाइल घेतला होता, आणि त्याचा एक हप्ता चुकला होता. साऱ्या घराने तेच धरलं. "मोबाइलपायी घर घालवलंत," ती माझ्यादेखत त्याला म्हणाली. तो उठला, चप्पल घालून खाली गेला.

मग तिने क्रेडिट रिपोर्टची प्रिंट माझ्यापुढे ठेवली. मी लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. "दादा, तुला कळतं यातलं. बघ ना जरा."

तिसऱ्या पानावर माझं कर्ज होतं. तिच्या नावाखाली, जामीनदार म्हणून. महिन्यामहिन्याचे चौकोन, आणि दर वर्षी त्याच दोन महिन्यांत उशिराचे दिवस छापलेले. मी पानांची घडी घातली आणि म्हणालो, "जुनं काहीतरी दिसतंय. होईल सुधारणा."

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. "मी दंड भरला होता ना?" कर्ज विभागातल्या बाई म्हणाल्या, "दंड भरलात, पैसे आले. पण उशीर झाला तो झालाच. तो जसा तुमच्या नावावर, तसाच जामीनदाराच्याही."

"पुसता येईल?"

"चुकीची नोंद असती तर तक्रार करून दुरुस्त झाली असती. ही खरी आहे. आता एकही हप्ता चुकवू नका. महिने नीट जातील तसा स्कोअर वर येईल."

पगाराच्या दुसऱ्या दिवशी हप्ता खात्यातून आपोआप कापला जाईल अशी सोय केली. पुढे फंडातून पैसे काढून सगळं कर्ज मुदतीआधी फेडलं, आणि खातं बंद झाल्याची नोंद रिपोर्टात दिसेपर्यंत बँकेत खेटे घातले. बहिणीला सांगितलं, कार्डाची मर्यादा आहे तेवढी सगळी वापरू नकोस, बिल पूर्ण भर, घाईने दहा ठिकाणी अर्ज टाकू नकोस. तिने सगळं ऐकलं. नवऱ्याला मोबाइलवरून बोल लावणं मात्र सोडलं नाही, मी चहाला बसलेलो असतानाही. तोवर कॉटन ग्रीनची जागा दुसऱ्याला विकली गेली होती, टोकनचे निम्मे पैसेच परत आले होते आणि भाची जिन्यातच दहावी झाली होती.

गेल्या महिन्यात बहिणीने रविवारी जेवायला बोलावलं. स्कोअर वर आला होता, नव्याने कर्ज मिळण्यासारखं होतं. सुरमई तळता तळता ती नवऱ्याला म्हणाली, "दादाने हात धरून शिकवलं म्हणून झालं हे. नाहीतर तुम्ही होतातच, मोबाइलवाले!"

तो हसला. "आपण काय, कायमचे आरोपी. वाढ मेव्हण्यांना अजून एक तुकडी, वकील आहेत आपले."

तिच्या सासूबाईही हसल्या. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"भावोजी," मी म्हणालो, "तुमच्या मोबाइलमुळे घर गेलं नाही." आणि सांगत गेलो. चुकवलेले हप्ते, फॉर्मवरचा माझा नंबर, तिसरं पान, सगळं. बहिणीने गॅस बंद केला.

"म्हणजे त्या दिवशी तू वाचलं होतंस?" तिने विचारलं. घराबद्दल ती बोललीच नाही. "वाचून गप्प बसलास? आणि मी यांना इतके दिवस..."

"वाचलं होतं."

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. मी उठलो. हात खरकटा होता, तसाच दुसऱ्या हाताला जोडला. आधी त्यांच्यापुढे, मग तिच्यापुढे.

"हप्ते मी चुकवले. कळल्यावर लपवलं तेही मीच. भावोजी, तुम्हाला माझ्यासमोर बोल लागत होते आणि मी चहा पीत बसलो होतो. माझं चुकलं. मला माफ करा."