पहाऱ्यावर कोण?

तरणतलावावर त्यांना सगळे शिट्टीमावशी म्हणत. खरं तर गळ्यातली शिट्टी नुसती शोभेला! मावशींचा आवाजच असा, की पाण्यातली पोरं सोडा, बाहेर रस्त्यावरचा सायकलवालाही ब्रेक दाबायचा. तीस उन्हाळे त्या अशा ओरडल्या आणि एकाही पोराच्या केसाला धक्का लागू दिला नाही.

सुट्टी लागली की घरंच्या घरं पोहायला यायची. मावशी फाटकातच आडव्या.

‘पहाऱ्यावर कोण?’

‘आम्ही सगळे आहोत की!’

झालं! मावशींचं डोकं फिरायचं. ‘सगळे म्हणजे कोणीच नाही! सात सुगरणी आणि भाजी अळणी! एक कोण ते सांगा. त्याने फोन पिशवीत टाकायचा, गप्पा बंद, नजर पोरांवर. उठायचं झालं तर दुसऱ्याला तोंडाने सांगून मगच उठायचं.’

एखादे साहेब हसायचे. ‘अहो, पोर बुडायला लागलं तर ओरडेल ना?’

‘ओरडायला तोंड पाण्याबाहेर लागतं, साहेब!’

निवृत्तीच्या रविवारी मात्र मावशी पाहुण्या म्हणून आल्या. सोबत मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. मॅनेजरने केक आणला, भाषण सुरू केलं. पाळीवरची नवी जीवरक्षक मुलगीसुद्धा टाळ्या वाजवायला उंच खुर्चीवरून खाली उतरली. फाटकात त्या दिवशी कोणी काही विचारलंच नाही. खुद्द मावशी आल्यावर विचारणार कोण? दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

स्वतःची स्तुती कोणाला कडू लागते? मावशीही रंगल्या होत्या. मग एकदम त्यांना काहीतरी खटकलं. मघापासून पाठीमागे पाण्यात चुबुकचुबुक चाललं होतं, ते थांबलं होतं.

त्यांनी मान वळवली. नात खोल पाण्यात सरकली होती. मान मागे, तोंड पाण्यात, डोळे विस्फारलेले, आवाज नाही. मावशींनी अंगावरच्या नव्या कपड्यांनिशी उडी घातली.

काठावर आल्यावर पोरगी खोकली, पाणी ओकली आणि तिने भोकांड पसरलं. बाई गं, इतकं गोड रडणं मावशींनी जन्मात ऐकलं नव्हतं! मॅनेजर डॉक्टरांना आणायला धावला.

‘आई, तुम्ही होतात,’ सून कशीबशी म्हणाली, ‘म्हणून मी निर्धास्त होते.’

‘आणि मला वाटलं, तू बघतेयस.’ मावशींचा तो खणखणीत आवाज पार बसला होता. ‘तीस वर्षं लोकांना झापलं, आणि आज मीच केक बघत बसले. चूक माझी आहे, पोरी. हिला परत माझ्यावर सोडू नकोस.’ आणि चारचौघांत त्या हमसून हमसून रडायला लागल्या.

सुनेने लेकीला टॉवेलात गुंडाळलं, क्षणभर छातीशी घट्ट धरलं. मग खाली बसून तिला सासूच्या ओल्या मांडीवर ठेवलं.

‘धरा हिला, आई. मी हिचे कोरडे कपडे आणते. आणि तुमच्याशिवाय हिला द्यायचं तरी कोणाकडे?’