बार्बराचं मामकूळ

धरणगावच्या प्रेमराज आबांनी आयुष्यात एकशे बेचाळीस लग्नं जमवली. त्यांतली दोन मोडली, आणि त्यांचं खापर आबा आजही पत्रिकेवर फोडतात. हल्ली पोरं मोबाइलवरच जमवून मोकळी होतात. तीन वर्षांत आबांना एक काळं कुत्रं विचारायला आलं नव्हतं. सून ज्योतीच्या खुर्चीमागे बसून तिच्या कॉम्प्युटरात डोकावणं, एवढाच उद्योग उरला होता.

ज्योतीला स्वतःच्या मुलासाठी त्यांनीच पसंत केलं होतं. 'तुमची पोर नोकरी करेल' असा शब्द तिच्या वडिलांना, पारोळ्याच्या नवलभाऊंना, दिला होता. सहा वर्षं तो शब्द तसाच लोंबकळत होता, आणि आबांना त्याची लाज वाटे. आता कुठे पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या काम दिलं, तेही परीक्षेपुरतं. अमेरिकेतल्या रूथबाईंची वंशावळ शनिवारपर्यंत जोडायची. जोडली तर नोकरी पक्की, नाही तर राम राम.

रूथबाईंचे पूर्वज मेनोनाइट, म्हणजे हाती शस्त्र न धरणारे ख्रिस्ती शेतकरी. जर्मनीत राजांनी पिडलं म्हणून ते जहाजात बसून अमेरिकेला गेले. तिथं तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं.

"तठे बी इंग्रजच?" आबा म्हणाले. त्यांना त्या लोकांची मनापासून कीव आली.

पिढ्या भराभर लागत गेल्या. त्रास एकच. प्रत्येक नावाला आबा विचारत, "मामकूळ काय शे?" खानदेशात स्थळाच्या कागदावर आईच्या माहेरचं कूळ नसेल तर पुढचं कुणी वाचतच नाही.

"आबा, त्यास्मा मामकूळ लिखतस नही," ज्योती म्हणाली.

"मंग सोयरीक कशी करतस?"

शुक्रवारी गाडं अडलं. १७३८ साली मार्टिन ब्रेनमनचं लग्न बार्बरा ब्रेनमनशी झालेलं. मार्टिन जहाजाच्या यादीत सापडला, पण बार्बरा ब्रेनमन कुठल्याच यादीत नव्हती. ज्योती रडकुंडीला आली. आबा मात्र भलत्याच गोष्टीवर अडून बसले.

"दोन्ही एकच कूळना? हाई लगीन व्हस नही."

"आबा, त्यासले नऊ पिढ्या पोरं व्हयनात."

पण आबा कुणाचं ऐकतात! जवळपास तीनशे वर्षांपूर्वी लागलेलं लग्न मोडायला ते कंबर कसून बसले. जेवले नाहीत, दुपारी आडवेही झाले नाहीत. चार वाजता त्यांचा चेहरा उजळला. एकाच कुळात लग्न लावायचंच असेल तर जुनी माणसं पोर मामाच्या ओटीत घालत. कन्यादान मामा करी, म्हणजे कूळ बदललं. एरंडोलला आबांनी स्वतः असं एक लग्न पार पाडलं होतं.

"पोर मामानी देल व्हई," ते म्हणाले. "मामाना घरमा देख."

एका जुन्या मृत्युपत्रात बार्बराच्या आईच्या माहेरचं नाव ओझरतं आलं होतं, शेंक. आबांची कटकट थांबावी म्हणून ज्योतीनं यादीत शेंक शोधलं. १७२९ च्या एका जहाजाची यादी सापडली. त्यात पीटर शेंक, त्याची बायको, चार मुलं आणि शेवटी 'भाची बार्बरा, वय अकरा, आईबाप नाहीत.'

ज्योतीनं ती ओळ मोठ्यानं वाचली. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मामाशिवाय पोरनं कोण ऱ्हास," ते म्हणाले.

शोधाचं श्रेय सासऱ्यांना देऊन ज्योतीनं वंशावळ पाठवली, आणि शनिवारी नोकरी पक्की झाली. आबांनी नवलभाऊंना फोन लावून 'शब्द फिटला' एवढंच सांगितलं, आणि मग तासभर स्वतःची तारीफ केली.

आठवड्यानं रूथबाईंचं पत्र आलं. बार्बराला शोधणाऱ्या ज्योतीच्या सासऱ्यांचे त्यांनी पोटभर आभार मानले होते. शेवटी लिहिलं होतं की नातू चौतीस वर्षांचा आहे, शेती चांगली आहे, पण लग्नाचं नाव काढत नाही. तुमचे सासरे काही सुचवतील का?

आबांनी टोपी चढवली, जुनी डायरी उघडली आणि नव्या पानावर एकशे त्रेचाळीस आकडा घातला.

"पोऱ्यानं मामकूळ काय शे, इचार."

ज्योतीनं तो प्रश्न टाइप केला.