दोन्ही प्रतींत नसलेली कळशी

मंडळी, दुपारी घडलेलं कोणाला तरी सांगायचंय, म्हणून इथे लिहितेय.

मी नवघरला राहते, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध तपासून देते. माझी पद्धत जुनीच आहे. लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचायचं आणि मी दुसऱ्या प्रतीवर पेन्सिल फिरवायची.

आज सायली आली होती. तिचा विषय शेजारच्या गोडदेव गावातल्या बुजवलेल्या विहिरी. गेल्याच महिन्यात वारलेल्या एका आजींची, तिनेच घेतलेली मुलाखत ती वाचत होती.

वाचता वाचता म्हणाली, "हीर बुजवली तवा माजी कळशी आतच रायली. कुनी काढली न्हाय."

माझ्या प्रतीत हे नव्हतंच. "कुठंय गं हे?"

तिने पान पाहिलं. तिच्याही प्रतीत नव्हतं. "मॅडम, मी आत्ता वाचलं ना!"

मग मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावलं. त्या जागी आजी गप्प. "मला वाटलं, त्यांना डुलकी लागली," सायली म्हणाली. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग आजींनी विचारलं, "लिवलंस ना?"

मूळ प्रतीत नाही ते घालायचं नाही, हा माझा कायमचा नियम. आज ते वाक्य मीच पेन्सिलने लिहिलं.

आता ते खोडायची हिंमत तुमच्यापैकी कोणाची होईल?