ग्रेसच्या दुकानाचा वास

काही गोष्टी आपण साठवत नाही, त्या आपोआप साठतात. आमच्या ओट्याखाली प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात, तसे माझ्याकडे ग्रेसच्या दुकानातले किस्से. ऑफिसातून येताना नुसता सोया सॉस घ्यायला म्हणून शिरते आणि अर्ध्या तासाने घरी पोचते. सॉस तिथंच राहिलेला असतो.

ग्रेस मूळची मणिपूरच्या डोंगरातली. परळला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर, जिथं आधी टेलर बसायचा, तिथं तिनं दुकान टाकलं. कोरियन नूडल्स, थाई करी पेस्ट, जपानी शेवाळाचे काळे चौकोनी कागद, आणि कोपऱ्यात तिच्या गावाकडचा आंबवलेला मासा. दुकानाच्याच माळ्यावर ती एकटी राहते. समोरच्या टॉवरमधली पोरं नूडल्ससाठी येतात, आम्ही चाळवाले चौकशीसाठी.

०००

आमच्या मजल्यावरच्या नाईककाकांनी एकदा ते शेवाळाचे कागद पापड समजून नेले आणि गॅसवर भाजले. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर. पापड फुलत नाही म्हणाले.

ग्रेस अजिबात हसली नाही. जपानमध्येही हे असंच भाजून खातात, असं तिनं त्यांना गंभीरपणे सांगितलं. ते खरंही होतं म्हणे! तेव्हापासून काका जपानी लोकांबद्दल फार चांगलं बोलतात.

०००

मी तरी काय कमी! तिच्याकडे सुक्या कोळंबीचं थाई पाकीट दिसलं. म्हटलं, हे तर आपले सोडे. आता सोडे वास घेतल्याशिवाय कोण घेतं? मी पाकीट फोडायला सांगितलं. सीलबंद पाकीट, तिकडून विमानानं आलेलं! तिनं निमूट कात्री लावली. मी हुंगलं, नाक मुरडलं आणि आमच्या लालबागच्या बाजारात याहून छान मिळतात असं ऐकवून बाहेर पडले.

पुढच्या रविवारी ती दारात उभी. हातात कापडी पिशवी. लालबागचा बाजार दाखवा म्हणाली. तिथं प्रत्येक टोपलीजवळ वाकून तिनं असा वास घेतला की सोडेवाली मला म्हणाली, "ही तुमच्यापेक्षा जाणकार दिसते." राग आला, पण बाई खरं बोलत होती.

०००

मग मे महिना आला. तळमजल्यावर दुकानाला लागूनच सावंतकाकूंचं घर. आंबवलेल्या माशाच्या वासानं त्यांचं डोकं उठलं. ग्रेसचं अ‍ॅग्रीमेंट महिनाअखेर संपत होतं. चाळ कमिटीनं पुन्हा परवानगी दिली नाही, तर तिला दुकान आणि घर दोन्ही सोडावं लागणार होतं. काकूंनी तक्रारअर्ज लिहिला आणि सह्या गोळा करत दारोदार फिरल्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा तव्यावर बोंबील होते. दारातच थांबून त्यांनी मोठा श्वास घेतला. म्हणाल्या, "काय खमंग सुटलाय गं!" आणि अर्ज पुढे केला.

मी सही केली. भिडेखातर. काकूंनी माझ्या मुलीला लहानपणी सांभाळलंय, नाही कसं म्हणणार? ही सबब मी अजूनही स्वतःला सांगते, आणि अजूनही मला ती पटत नाही.

०००

कमिटीनं अर्ज सह्यांसकट नोटीस बोर्डावर लावला. दोन दिवस मी दुकानासमोरून फोनवर बोलत असल्यासारखी गेले. तिसऱ्या दिवशी मुलीला नूडल्स हवे होते, जावंच लागलं.

ग्रेसनं पाकीट दिलं. नेहमीसारखी मुलीची चौकशी केली. मी वळले तर मागून शांतपणे म्हणाली, "दीदी, आपका साइन बहुत सुंदर है।"



०००

कमिटीची मीटिंग रविवारी होती. त्याआधी गुरुवारी ग्रेसची आई वारली. गावी पोचायला दोन दिवस लागतात आणि दफन तर दुसऱ्याच दिवशी होतं. ती गेलीच नाही. शटर अर्धं ओढून बसून राहिली.

मयताच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं, ही आमच्या चाळीची रीत. पिठलं-भात गेला, वरण-भात गेला. सगळी ताटं झाकलेली तशीच परत आली.

शनिवारी संध्याकाळी सावंतकाकू माझ्याकडे आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. मग विचारलं, तो वासाचा मासा शिजवतात कसा? ग्रेसनं मला कधीतरी सांगितलं होतं. मासा भाजायचा, मिरच्या भाजायच्या, उकडलेल्या बटाट्यात सगळं कुस्करायचं. तिनं दिलेली एक बाटली माझ्या खिडकीत न उघडलेली पडून होती, ती मी काढून दिली. तरी राहवलं नाही.

"काकू, सुतकात मासा?"

"पोर तीन दिवस उपाशी आहे," काकू म्हणाल्या आणि बाटली पदराखाली घेऊन गेल्या.

रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. पहिलाच विषय काकूंचा अर्ज, आणि काकूंचा पत्ता नाही. सेक्रेटरी वाचायला उभे राहिले आणि वास आला. असा वास की पुढच्या रांगेनं रुमाल काढले. सेक्रेटरींना जोरच चढला. म्हणाले, बघा, पुरावा चालत आला.

तेवढ्यात काकू घरातून बाहेर आल्या. दोन्ही हातांत ताट, वर झाकण नाही. खुर्च्यांच्या मधून सरळ चालत ग्रेसच्या शटरपाशी गेल्या. खाली वाकण्याआधी सेक्रेटरींकडे वळल्या.

"वास माझ्या घरातून येतोय. लिहून घ्या."