विष्णुपुरीच्या बोटीवरचं भरलेलं पिंप

परवा मंगळवारी विष्णुपुरीच्या धरणावर आमच्या सुनेची बोट एका अंगाला कलली... आणि बोलणी तिला बसली. खरं काय झालं ते सांगते. फिरवून सांगायची मला सवय नाही.

बोट म्हणजे तरंगती खोलीच. खाली हवाबंद ड्रम, वर पत्र्याचं छप्पर, एक झोपायची खोली, मागं स्वयंपाकाचा ओटा. लेक महेश आणि सून शिल्पा, दोघांनी मिळून बांधली. लोकांनी येऊन एक रात्र पाण्यावर राहावं, असा विचार.

त्या दिवशी परवानगीसाठी साहेब लोक पाहणीला येणार होते. यंदा पाऊस कमी, धरण उतरून राहिलं. आता परवानगी हुकली तर बोट खोल पाण्यात नेता येणार नाही, उन्हाळाभर चिखलात बसणार...

मी आदल्या दिवशीच लातूरहून आले. बघते तर शिल्पा बोटीच्या मधोमध परातीत पाणी ओतून बसलेली. पाणी काठाला सगळीकडून सारखं लागतं का, ते बघत होती. सिलिंडर जरा इकडं, बॅटरी जरा तिकडं, पुन्हा परात... मी लई बेजार झाले. म्हटलं, "अगं, बोट हाय का सोनाराचा काटा?" ती हसली आणि बॅटरी अजून वीतभर सरकवली.

ओट्याजवळ एक नवंकोरं पिंप होतं. भांडी घासलेलं पाणी धरणात जाऊ नये म्हणून त्यात साठवायचं. आई, ते रिकामंच राहू द्या, वजन त्याच बाजूला जास्त होतं, असं तिनं बजावून सांगितलं होतं. मी मान हलवत हाव म्हटलं. ऐकलं कुठं...

आता माझी खोड सांगते. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी लग्न होऊन तिथं आले. जिल्हा झाला, आता नळाला रोज पाणी, असं जो तो म्हणायचा. जिल्हा झाला, पण पाणी काही रोज आलं नाही. पुढं तर दुष्काळात रेल्वेनं पाणी आलेलं बघितलं.

आमच्यात पाणी आलं की आधी पिंप, मग घागरी, मग पातेली, शेवटी कुकरसुद्धा. चहा त्याच्यानंतर. रिकामं पिंप बघितलं की माझा हात आपोआप नळाकडं जातो.

मंगळवारी सकाळी माझी लिंगपूजा आटोपली. शिल्पानं काठावरून पाईप आणून बोटीच्या टाकीत सोडला आणि साहेबांना आणायला रस्त्यापर्यंत गेली. टाकी भरली की मोटार बंद करा म्हणाली.

टाकी भरली... पण चालू पाणी बघून मला बटन दाबवेना. पाईप पिंपात सोडला. पिंप काठोकाठ झालं. मग बादल्या, मग पातेली. चारी बाजूंनी धरण, आणि मी पातेली भरून राहिले! मोटार बंद केली तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं.

खोलीचं दार आपोआप लोटून जायला लागलं. मी त्याला पायपुसणं अडकवलं आणि कामाला लागले. शिल्पानं दोन खुर्च्या या बाजूला, दोन त्या बाजूला मांडल्या होत्या. एवढं लांब लांब बसायला काय सोयरीक मोडायला आलेत... म्हणून मी सगळ्या ओट्याकडच्या सावलीत ओढल्या. उपीट गरम हातात पडावं, एवढंच मनात.

तिघं साहेब आणि त्यांच्यासंगं आलेला आमचा महेश, चौघंही अंगानं भरलेले. शिल्पा मागून चढेपर्यंत ते बसले आणि बोट त्या बाजूला दबलीच. प्लेटा घसरल्या, एका साहेबाच्या बुटात पाणी गेलं. त्यानं खांब धरला तो सोडेना.

कुणी पडलं नाही, देवाची कृपा. मोठे साहेब उठले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, ह्यात लेकरंबाळं बसणार. मी सही कशी करू?"

महेश सगळ्यांसमोर शिल्पावर घसरला. "रोज परात घेऊन बसतीस... हेच मोजून राहिली होतीस का?"

शिल्पानं पिंपाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता नाव घेते. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "माझ्याकडूनच राहिलं सर. वजन पुन्हा लावते, तुम्ही एकदा परत या."

मी तिथंच होते, हातात झारा घेऊन. एरवी माझी जीभ थांबत नाही. साहेब गाडीत बसेपर्यंत बोलायला वेळ होता... मी प्लेटा गोळा करत राहिले.

महेश त्यांना सोडायला गेला. मला वाटलं, आता ही पिंप धरणात उलटं करणार आणि मला चार शब्द ऐकवणार. ऐकवले असते तर बरं झालं असतं. तिनं बादली बुडवली आणि म्हणाली, "आई, निम्मं पलीकडच्या टपात नेऊ. पाणी फेकलेलं तुम्हाला बघवणार न्हाई."

दोघींनी मिळून नेलं. बोट सरळ झाली. माझी मान काही वर झाली नाही.

काल लातूरला परत आले. घास गोड लागत नाही. तोंडावर बोलणारी बाई म्हणून मी सगळीकडं मिरवते, आणि माझ्या वाटणीची बोलणी सुनेनं खाल्ली. तिला सांगायला फोन लावला तर मीच चहा झाला का विचारून ठेवून दिला...

म्हणून इथं लिहून राहिले. ती सगळ्यांसमोर खाली बघत उभी राहिली, तर हेही सगळ्यांसमोरच होऊ द्या. शिल्पा, पिंप मी भरलं, खुर्च्या मी हलवल्या. तुझं माप बरोबर होतं.

साहेब परत येतील का, ठाऊक नाही. महेश, हे वाचलंस की आधी तिच्याशी बोल. माझ्याशी नंतर.