शुद्धीतला बाप

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नाटककारांइतकी दारू अख्ख्या भोपाळात कुणी कुणाला पाजली नसेल. स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला हा नागपुरी गृहस्थ दरवर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीसाठी नाटक लिहितो आणि दुसऱ्या अंकात पात्रांना प्यायला बसवतो. मग खाष्ट हेडमास्तर शिपायाच्या गळ्यात पडतो, भित्रा कारकून साहेबाला अरे-तुरे करतो. एकदा तर त्यांच्या नायकानं फुलपात्रात व्हिस्की ओतून वर झाकण ठेवलं होतं! मी अधूनमधून घेतो, हे त्यांना ठाऊक. त्यामुळे जवाहर चौकात भर भाजीबाजारात एकदा मला थांबवून त्यांनी विचारलं, "माणूस खरं कधी बोलतो हो? पहिल्या पेगनंतर की दुसऱ्या?" मी म्हटलं, तिसऱ्यानंतर झोपतो, एवढं नक्की. त्यांनी पिशवी खाली ठेवून तेही टिपून घेतलं.

नाटक कुठलंही असो, त्यात एक बाप असायचाच आणि दुसऱ्या पेगला तो मुलाला म्हणायचा, "चुकलं माझं." हे कुणासाठी चाललंय ते मला कळत होतं. त्यांच्या मुलानं लागलेली सरकारी नोकरी सोडून भोपाळातच, अवधपुरीत केकचं दुकान टाकलं, तेव्हा "तोंड दाखवू नकोस" म्हणाले होते. त्याला चार वर्षं झाली.

यंदा मंडळानं बजावलं की गणपतीपुढे दारू नको. वही घेऊन माझ्याकडे आले, चेहरा अगदी उतरलेला. "क्या है ना, शुद्धीतला बाप असं बोलेल कसा? लोकांना पटणार नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "पाजून पाजून तुमच्या पात्रांचं लिव्हर गेलं असेल. एकदा स्वतः जा की अवधपुरीला." ते वही मिटून वर गेले. आठवडाभर जिन्यात भेटले तरी मान खाली. मला फार वाईट वाटलं.

मग एका सकाळी नवा प्रवेश आणून दिला. बाप मुलाच्या दुकानात जातो. मुलगा खुर्ची पुसून देतो. बाप पाणी पितो, "धंदा बरा?" विचारतो. मुलगा म्हणतो, "बरा." बाप सांगतो, "आईचे गुडघे दुखतात." मुलगा म्हणतो, "रविवारी येतो." संपला प्रवेश.

मंडळ म्हणालं, फारच अळणी झालाय, निदान बापाला रडवा तरी. एरवी कुणीही सांगितलं की पानंच्या पानं कापणारा हा माणूस यंदा एक शब्द बदलेना. शेवटी मंडळानं दुसऱ्याचं नाटक घेतलं.

मीही समजावलं, "अहो, ते माफीचं एक वाक्य तरी घाला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ते मला अवधपुरीलाही जमलं नाही हो. तरी आला तो रविवारी."