गुरुदत्तच्या गाडीतलं मशीन

गुरुदत्त आणि मी एकाच कंपनीत राबलो. तो टूलरूममध्ये, मी इन्स्पेक्शनला. त्याने बनवायचं आणि मी खोट काढायची, असा आमचा जन्मभराचा संसार. तो नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मी पीस परत पाठवला की दिवसभर बोलायचा नाही. पण दुसऱ्या कोणी शंका काढली तर म्हणायचा, बबनने पास केलंय ना, मग विषय संपला.

रिटायर झाल्यावर त्याने जुनी ट्रॅव्हलर घेतली. तिच्यात पलंग, ओटा, संडास बसवून पद्मजावहिनींना देशभर हिंडवायचं, हे त्याचं जुनं खूळ. चाकणला अशा गाड्या आतून बनवून देणाऱ्या ज्योतीरामच्या शेडमध्ये काम सुरू झालं आणि मधेच गुरुदत्तला अर्धांगवायूचा झटका आला. काठी धरून तो चालायला लागला, बोलणंही सुधारलं. लघवीवरचा ताबा मात्र गेला तो गेलाच. डायपर लावूनही सकाळी चादर ओली व्हायची. पिंपळे गुरवच्या फ्लॅटला मोठी गॅलरी आहे, पण वहिनी त्या चादरी आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे त्यांनीच मला सांगितलं आणि ऐकून मला रडू आलं.

गाडी तयार होत आली तशी गुरुदत्तची कारणं सुरू झाली. पुनावळ्यातच ट्रॅफिकमध्ये अडकू, ड्रायव्हर चांगला मिळत नाही. वहिनी बधल्या नाहीत. धुऊन वाळवूनही देणारं मशीन गाडीतच बसवायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यात दोन प्रकार निघाले. एक मशीन ओली गरम हवा नळीने बाहेर सोडतं. कपडे लवकर वाळतात, पण गाडीच्या पत्र्याला भोक पाडावं लागतं. दुसऱ्याला भोक लागत नाही. ते वाफेचं आतल्या आत पाणी करतं, पण वेळ फार खातं आणि वाफ थंड करायला टाकीतलं पाणीही पितं. रोज चादर धुवायची तर पहिलंच बरं, हे टूलरूमच्या माणसाला समजावायची गरज नव्हती. तरी गुरुदत्त दुसऱ्यावर अडून बसला. भोकाला गंज धरेल, धूळ शिरेल. ज्योतीरामने त्याला रबरी पॅकिंग दाखवलं, झडप दाखवली. शेवटी गुरुदत्त म्हणाला, भोक पाडलंत तर मी गाडीत पाय ठेवणार नाही.

तेव्हा वहिनी तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो, बाहेर जाणाऱ्या हवेला वास येईल, म्हणून ना?"

गुरुदत्त काठी बाजूला ठेवून तिथल्या खुर्चीत बसला. वहिनींनी पिशवीतून त्या दिवशी सकाळची चादर काढली. ज्योतीरामकडे भोकवालं एक मशीन गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं होतं, त्यात ती घातली. नळी शेडच्या खिडकीबाहेर सोडली.

"बबन, तू नळीशी उभा राहा," गुरुदत्त म्हणाला. "तू खोटं बोलणार नाहीस."

देवाने आपल्याला नाक कशाला दिलं, असं मला झालं. धुणं संपेपर्यंत चहा झाला. मग नळीतून गरम हवा येऊ लागली. साबणाचा वास होता. त्याच्या तळाशी दुसराही होता, हलकासा. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी काय म्हणावं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं आणि मलाही तेच म्हणायचं होतं. पण गुरुदत्तला माझा चेहरा पाठ होता.

"येतोय," मी म्हणालो. "थोडा."

तो उठला, काठी चाचपली आणि गेटकडे वळला. वहिनी होत्या तिथेच खाली बसल्या.

"थांब," मी म्हणालो. "ड्रायव्हर शोधू नकोस. गाडी मी चालवतो. जिथे मुक्काम करू तिथे माझी खुर्ची त्या भोकाच्या बाजूलाच टाकेन आणि तिथेच बसून चहा पिईन. कोणाला वास आलाच, तर हा म्हाताराच आंघोळ करत नाही, असं समजतील."

गुरुदत्त रडला. उभ्या उभ्या, तोंड न झाकता. वहिनी उठून त्याच्याजवळ गेल्या. बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले आणि ज्योतीरामला म्हणाला, "भोक कुठे पाडतोस, ते दाखव."